अठरा महिन्यांची नोंद

मंगळवारी सकाळी बोरमळ्यात कुणी बंद गळ्याचा कपडा घालत नसे. दूध डेअरीच्या रांगेतल्या बायांपासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या माना उघड्या असत आणि ईश्वरी झांबरे दारोदार फिरून त्या चाचपत असे. एका मंगळवारी गावाचा एक भाग, अशा चार फेऱ्या महिन्यात झाल्या की चाळिशीच्या पुढची एकही मान तपासायची राहत नसे. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर, डाव्या अंगाला, ती दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायची आणि सावकाश वीसपर्यंत मोजायची. तेवढा वेळ बोरमळ्यातला कसलाही बोलघेवडा माणूस तोंड मिटून बसे.

ती शोधायची ती चौकी. कॅन्सर जिथे उगवतो तिथे तो सहसा जीव घेत नाही, जीव घेतो तो त्याचा प्रवास. मूत्रपिंडातली किंवा फुप्फुसातली एखादी बिघडलेली पेशी आपलं घर सोडून निघते आणि भलत्याच जागी जाऊन बिऱ्हाड मांडते. या प्रवासाचा एक मोठा रस्ता म्हणजे लसीका, रक्तासारखाच अंगभर वाहणारा पण बिनरंगी रस. जवळजवळ सगळ्या शरीरातली लसीका डाव्या बाजूला मानेच्या पायथ्याशी येऊन रक्ताला मिळते. पोटातल्या कॅन्सरची गाठ कधीकधी आधी मानेत दिसते, हे जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी काही संशोधकांच्या डोक्यात आलं, की सगळे भटके या नाक्यावरून जाणार असतील तर इथेच त्यांना अडवायला काय हरकत आहे? त्यांनी माणसाच्याच पेशींपासून एक इवलंसं ऊतक वाढवलं. त्यातून सतत एक रसायन झिरपे, ते भटक्या पेशींना ओढून घेई, आणि आत शिरलेली पेशी पुन्हा बाहेर पडत नसे. संशोधकांनी त्याला दीड ओळीचं नाव दिलं, ते सरकारी फॉर्मवरच राहिलं. लोकांनी त्याला चौकी म्हटलं आणि त्यावरून बोटं फिरवणाऱ्या बाईला चौकीताई.

रिकामी चौकी भिजलेल्या मसुरीएवढी आणि तितकीच मऊ लागते. पेशी येऊ लागल्या की ती फुगते आणि तीन महिन्यांत चिंचोक्यासारखी टणक होते. तेवढ्या मुदतीत सापडली तर काम सोपं असतं. चौकी काढायची, आतल्या पेशी कुठल्या अवयवातून आल्या ते वाचायचं, तिथला उपचार करायचा आणि नवी चौकी बसवायची. तीन टाके पडतात, माणूस संध्याकाळच्या जेवणाला घरी. पण भरलेली चौकी तशीच राहिली तर पंचाईत होते, कारण तिचं बोलावणं थांबत नाही. पेशी येत राहतात, आत जागा नसते, मग त्या वर सरकतात. जबड्यात, हिरडीत, कवटीच्या हाडात आणि शेवटी मेंदूत.

आता कुणी म्हणेल, एवढी विद्या आहे तर मानेत एखादं यंत्रच बसवायचं. तेही करून झालं होतं. यंत्रं साध्या सर्दीलाही बोंब मारायची, आणि बॅटरी संपली की गप्प बसायची. शेवटी सरकारने बायकांची बोटं शिकवून तयार केली. ईश्वरीची बोटं तालुक्यात नावाजलेली होती. अठरा महिन्यांत तिने अकरा चौक्या वेळेत पकडल्या होत्या, आणि त्या अकराही जणी आणि जण हिंडतफिरत होते.

फक्त एका मानेला तिने कधीच हात लावला नव्हता, आणि ती मान तिच्याच घरात होती.

सर्जेराव झांबरे तिचे सासरे. सगळा गाव त्यांना आबा म्हणे. द्राक्षबागेच्या छाटणीत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. काडी उजेडात धरून तिच्यावरच्या कुठल्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागेत, घड आहे आणि कुठला डोळा नुसताच पानाचा, हे ते सांगत आणि शेतकरी तिथेच कात्री चालवत. एकाहत्तराव्या वर्षीही त्यांना न्यायला गाड्या येत. पाच वर्षांपूर्वी ईश्वरीचा नवरा अपघातात गेला, तेव्हापासून घरात ही दोघंच. दोघांत माया होती, पण ती झांबऱ्यांच्या पद्धतीची. सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायची नाही, चहाचा कप हातात द्यायची नाही, बाजूला ठेवायची. मग मानेला हात लावणं दूरच राहिलं. ईश्वरी चौकीताई झाली त्या पहिल्या मंगळवारी आबा दारात उभे राहिले, स्वतःच्या मानेवरून स्वतःची बोटं फिरवली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "काय न्हाय. लिव."

तिने पदर सावरला आणि लिहिलं, 'चौकी रिकामी.' खाली सही केली. शेजारच्या गावच्या चौकीताईला बोलवावं असं तिच्या मनात एकदोनदा आलं. पण घरचं माणूस असताना बाहेरची बाई बोलावली तर गाव काय म्हणेल, या विचाराने ते राहून गेलं. अशा अठरा नोंदी झाल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आबा ओट्यावर दाढी करत होते. ईश्वरी पाणी ठेवायला गेली आणि थबकली. त्यांच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ बनियनपर्यंत आला होता आणि ते खुशाल दुसऱ्या गालाला साबण लावत होते.

"आबा, लागलंय तुम्हाला."

त्यांनी हनुवटीला हात लावला, बोटं बघितली. "कळलंच न्हाय."

"दुखत नाही?"

"बधिर झाल्यागत वाटतंय चार दिस. दाताचं आसंल."

प्रशिक्षणात ईश्वरीला एक वाक्य पाठ करायला लावलं होतं, हनुवटी बधिर झाली तर दाताकडे नंतर, चौकीकडे आधी. जबड्याच्या हाडात पेशी शिरल्या की तिथून जाणारी नस दबते आणि हनुवटीची जाणीव जाते. म्हणजे भटके नाका ओलांडून पुढे गेले होते.

"आबा, चौकी हाताला लागतीय का?"

आबा टॉवेलने तोंड पुसत राहिले. "लागतीय थोडी," ते म्हणाले. "नऊ-धा दिस झालं आसतील."

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर नीलोफर मुजावर यांनी आबांची मान तपासली, जबड्याचा फोटो काढला, चौकीतला कणभर तुकडा काढून वाचला. पेशी उजव्या मूत्रपिंडातल्या होत्या. ती गाठ औषधाने विरघळेल असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी पडद्यावर आबांची नोंद उघडली. ईश्वरीच्या अठरा सह्या एकाखाली एक दिसत होत्या.

"वीस दिवसांपूर्वीपर्यंत चौकी रिकामी होती," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे तुमची चौकीच सदोष निघाली म्हणायची, काका. भरायच्या आधीच गळायला लागली. लाखात एखादी निघते. पण तुमचं नशीब चांगलं, दिवस थोडे झालेत. बदलून टाकू. तीन टाके."

आबांनी मान डोलावली. ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती. गप्प राहिली तर नोकरी राहील, गावात नाव राहील, आबा उद्या घरी येतील. आणि दोन महिन्यांनी मेंदूत पेशी घेऊन मरतील. हे तिला त्या खोलीत सगळ्यांत नीट कळत होतं.

"चौकी सदोष नाही, मॅडम," ती म्हणाली. "मी आबांच्या मानेला कधी हातच लावला नाही. ते सांगायचे, मी लिहायची."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली. "अठराही वेळा?"

"अठराही."

"आसं काय न्हाय," आबा एकदम म्हणाले. "लावायची की हात. दर महिन्याला लावायची. मी पुढ्यात बसायचो. पोर घाबरलीया, काय बी बोलतीया."

"काका, हे खोटं बोलायचं काम नाही. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मी न्हाय खोटं बोलत."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोघांना समजेल असं सांगायला सुरुवात केली. चौकीबाहेर पडलेल्या पेशी एकेकट्या विखुरलेल्या असतात. त्या कुठल्याही फोटोत दिसत नाहीत. त्यांना मारायचं तर आधी एका जागी गोळा करावं लागतं, आणि त्यासाठी जास्त जोराची दुसरी चौकी लावावी लागते, अशा जागी की जिथे रक्त भरपूर येतं पण लसीकेची वाट बाहेर जात नाही. म्हणजे आलेल्या पेशी अडकून पडतील.

"डोक्यात अशी जागा एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डोळा. बुबुळाच्या मागचा रक्ताचा पडदा. तिथे चौकी लावायची, सहा आठवडे पेशी गोळा होऊ द्यायच्या आणि मग डोळा काढून टाकायचा. सगळं त्याच्याबरोबर जातं. माणूस वाचतो."

मग डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितलं.

"चौकी भरायला लागून तीन महिने व्हायच्या आत आला असाल, तर याची गरज नाही. तीन महिने ते वर्षभर असेल, तर एक डोळा पुरतो. वर्षाच्या वर गेलं असेल, तर पेशी इतक्या झालेल्या असतात की एका डोळ्यात मावत नाहीत. मग दोन्ही."

"एक घेऊन बघायचा," ईश्वरी म्हणाली. "नाही पुरला तर दुसरा."

"तसं होत नाही, ताई. एकदा बोलावलं की सगळ्या एकदम निघतात. डावा डोळा भरला आणि उजव्यात जागा तयार नसली, तर उरलेल्या मेंदूत जातात. तिथून परत बोलावता येत नाही. आणि जिथे ही चौकी रुजते तिथली दृष्टी आठ-दहा दिवसांत जातेच, पेशी तिथे येवोत न येवोत. तेव्हा आजच ठरवायला लागेल."

"पण गाठीवरून कळत असेल ना किती दिवस झाले?"

"घागर भरलेली आहे एवढं कळतं. कधी भरली ते घागरीकडे बघून कसं सांगणार? दर महिन्याला कुणी हात लावला असता तर कळलं असतं." डॉक्टरांनी हे टोचून म्हटलं नव्हतं, पण ईश्वरीला ते लागायचं तिथे लागलं.

एकाच माणसाला ठाऊक होतं. दर महिन्याला त्या मानेवरून आबांचीच बोटं फिरली होती. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. ईश्वरीला कळत होतं ते का बोलत नाहीत. खरा आकडा सांगितला की तितक्या खोट्या नोंदींचा गुन्हा सुनेवर लागणार. नऊ दिवस म्हटलं की एकही नोंद खोटी ठरत नाही.

तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहिलं, माझ्या अठराही नोंदी खोट्या आहेत, मी एकदाही तपासणी केलेली नाही. सही करून तो डॉक्टरांच्या पुढे सरकवला. मग आयुष्यात पहिल्यांदा ती आबांच्या समोर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी खुर्चीवर बसली.

"माझं जे व्हायचं ते झालं, आबा. आता माझ्यासाठी खोटं बोलून काही उपयोग नाही. कधी लागली हाताला?"

आबांनी खिडकीवरची नजर तिच्याकडे वळवली. "सात म्हैनं," ते म्हणाले. "दिवाळीआधी सावंताच्या बागंत फळछाटणी चालू हुती. घाम पुसताना लागली. मसुरीची हरभऱ्याएवढी झाली हुती. आधी नव्हती. तुझ्या आईशप्पत सांगतो."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू आधीचं समदं लिवून बसली हुतीस. म्हटलं, तुला जाब इचारतील. आणि मला काय होत नव्हतं."

डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. त्यात एका चौकोनात महिने भरायचे होते, चौकीताईच्या सहीने, आणि नोंदी खोट्या निघाल्या तरी कागदोपत्री चौकीताई अजून ईश्वरीच होती. रुग्णाने तो आकडा मान्य करायचा किंवा उपचार नाकारायचा, तिसरं काही नाही. भीतीपोटी लोक महिने कमी करून सांगतात आणि जीव गमावतात, म्हणून हा नियम केला होता.

"मी आकडा सुचवू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आधीच्या चौकीताईंनी अठरा महिन्यांपूर्वी हात लावून पाहिलं होतं, तेव्हा रिकामी होती. तेवढं पक्कं आहे. शून्य ते अठरा यांच्यात काहीही असू शकतं."

"सात लिव," आबा म्हणाले. "खरं तेच सांगतोय."

ईश्वरीने पेन उचललं. सात लिहिलं तर आबांचा एक डोळा राहतो. ते बागेत जातील, काडी उजेडात धरतील. आणि सात खोटं असेल तर ते मरतील, तेही तिच्याच सहीने, एकोणिसाव्यांदा.

तिला तो पाच वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. नवऱ्याला आणलं तेव्हा आबांनी तिचे दोन्ही खांदे धरून सांगितलं होतं, जागच्या जागी गेला, त्याला काही कळलं नाही, तुझ्या आईशप्पत. डोळ्याची पापणी लवली नव्हती त्यांची. वर्षभराने ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून तिला कळलं, तो दोन तास जिवंत होता आणि तिचं नाव घेत होता. तिने आबांना कधी विचारलं नाही. तिला त्यांचा राग आला नव्हता, उलट त्या खोट्याच्या आधाराने ती पहिलं वर्ष जगली होती. पण ड्रायव्हरने सांगितलं त्या दिवशी तिला कळून चुकलं, की हा माणूस आपल्याला जपण्यासाठी कसलीही शपथ घेऊ शकतो. सातही तसंच असेल का? अठरा म्हटलं तर सुनेच्या सगळ्याच नोंदी पहिल्या दिवसापासून खोट्या. सात म्हटलं तर आधीच्या अकरा निदान खऱ्या निघाल्या असं कुणी म्हणू शकेल.

"आबा, नक्की सात?"

"नक्की."

ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. ते स्वच्छ होते, स्थिर होते, पाच वर्षांपूर्वी होते तसेच.

तिने चौकोनात अठरा लिहिलं.

आबांनी फॉर्म हातात घेतला, आकडा वाचला. मग त्यांनी सही केली.

चौकी लावायला चार दिवस होते. आबांनी ते चारही दिवस बागांतून हिंडून काढले. कुणी बोलावलं नव्हतं तरी गेले. मेमधल्या कोवळ्या काड्या, नुकती फुटलेली पानं, तारांवरून लोंबणारे शेंडे, सगळं हाताने उचलून जवळून बघायचे. ईश्वरी मागोमाग जायची. तिला कितीदा वाटलं की मिरजेला फोन करावा आणि सांगावं की सात लिहा. फोन हातात घ्यायची आणि नवऱ्याच्या वेळच्या त्या शपथेच्या आठवणीने परत ठेवून द्यायची.

चौकी लावल्यावर आठव्या दिवशी डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं, दहाव्या दिवशी उजव्या. आबा म्हणाले, "दिवा लाव," तेव्हा खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. त्या दिवसापासून त्यांचा चहाचा कप ती त्यांच्या हातात देऊ लागली.

सहा आठवड्यांनी दोन्ही डोळे काढले. शस्त्रक्रिया नीट झाली. हनुवटीची जाणीव हळूहळू परत येऊ लागली, मूत्रपिंडातली गाठ विरघळत होती, आबा वाचले होते. ईश्वरीची नोकरी गेली होती, चौकशी बसली होती, आणि तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं. दोन्ही चौक्या वाचून झाल्या होत्या. डावी जोराची लावली होती, उजवी मंद, म्हणजे डावीत न मावलेल्या पेशीच उजवीकडे याव्यात.

"डावी निम्म्याहून थोडी जास्त भरली होती," डॉक्टर म्हणाल्या. "हिशेब केला तर सात महिने बसतात. फार तर साडेसात."

"आणि उजवी?"

डॉक्टरांनी कागद तिच्यापुढे फिरवला. "उजवीत एकही पेशी आलेली नाही."

ईश्वरी त्या शून्याकडे बघत बसली. आबा खरं बोलले होते. त्या खोलीत खरा आकडा सांगणारे ते एकटेच होते, आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवणारी ती. तिला रडू आलं ते आवरेना. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि तिला रडू दिलं.

"त्यांना सांगायलाच हवं असं नाही," थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाल्या. "ते विचारणार नाहीत कदाचित."

पण आबांनी विचारलं. ती खोलीत गेली तशी पावलांवरून ओळखून त्यांनी मान वळवली. डोळ्यांवर पांढरी पट्टी होती.

"काय निघालं?"

दोन्हीत होतं, असं सांगणं फार सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, तिलाही. पण आता या घरात आणखी एक खोटी नोंद करायची तिची ताकद संपली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"डाव्यातच होतं, आबा. उजव्यात काहीच नव्हतं. सातच महिने झाले होते. तुम्ही खरं सांगत होता."

आबांनी दुसरा हात चाचपत आणला आणि तिच्या हातावर ठेवला.

"तू केलंस ते बराबर केलंस," ते म्हणाले. "तुझ्या जागी मी आसतो तर मी बी अठराच लिवलं आसतं. मला मनातनं तसंच वाटत हुतं. तुझ्या आईशप्पत."

ईश्वरीने वर बघितलं. ते हे खरं बोलत होते की तिला जपत होते, हे कळायला तिच्यापुढे आता फक्त ती पट्टी होती.